कॅम नवा, कॉम्प्युटर जुन्याच हिशोबात

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाडीखाली शिरायची आवड आहे, त्यांच्या दारात आज ना उद्या एखादी जुनी शेव्हर्ले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा येऊन उभी राहते. इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. १९९९ ते २०१३ या काळातल्या या ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन दणकट आहे, त्याचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात आणि कॅमशाफ्ट बदलून त्याची ताकद चांगली वाढवता येते. कॅम घरपोच येतो, सुट्ट्यांमध्ये बसवूनही होतो. अडचण त्यानंतर सुरू होते. इंजिन चालू होतं, पण सिग्नलला थांबलं की बंद पडतं. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मालक म्हणतो, कॅमच खराब निघाला. बहुतेक वेळा कॅम चांगला असतो. तो बदलल्याचं इंजिनच्या कॉम्प्युटरला कुणी कळवलेलं नसतं, एवढंच.

हे कळवायचं कसं, त्याचा हा लेख. नव्या कॅमनंतरचं ट्यूनिंग म्हणजे सगळ्यात आधी हवेचा हिशोब दुरुस्त करणं, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, गिअर कधी बदलायचा, हे सगळं कॉम्प्युटर हवेच्या आकड्यावरून ठरवतो. तो आकडा चुकलेला असताना पुढे केलेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एका चुकीवर घातलेलं दुसऱ्या चुकीचं पांघरूण.

कॉम्प्युटरला काय दिसतं आणि काय दिसत नाही

कॅमपाशी एक सेन्सर असतो खरा, पण इंजिनाची फेरी कुठपर्यंत आली आहे, एवढंच तो सांगतो. व्हॉल्व्ह किती उचलला जातो आणि किती वेळ उघडा राहतो, हे मोजणारं एकही साधन या इंजिनात नाही. सिलिंडरमध्ये किती हवा गेली, हे कॉम्प्युटर दोन वाटांनी काढतो. एक म्हणजे एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ. तो आत जाणारी हवा थेट मोजतो. दुसरी वाट अंदाजाची. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम घ्यायचे, आणि कारखान्यात भरून ठेवलेल्या एका तक्त्यात बघायचं, की या दाबाला आणि या आरपीएमला सिलिंडर कितपत भरतो. या तक्त्याला व्हीई टेबल म्हणतात. साधारण ४००० आरपीएमच्या खाली जनरल मोटर्सचा कॉम्प्युटर दोन्ही आकडे एकत्र करून वापरतो, त्याच्या वर मॅफवर विसंबतो.

व्हीई टेबल हे जुन्या कॅमचं वर्णन आहे. या ५.३ चा मूळ कॅम अगदी सौम्य. व्हॉल्व्ह पन्नास हजारांश इंच उचललेला असताना मोजलं, तर त्याचं ड्युरेशन १९० अंशांच्या आसपास भरतं. खालच्या आरपीएमला जोर मिळावा आणि आयडलिंग शांत राहावं, यासाठी तो तसा घडवला आहे. नव्या कॅमचं ड्युरेशन २१५ किंवा २२५ असेल, तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इनटेक व्हॉल्व्ह उघडण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो. आयडलिंगला मात्र जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो, मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते आणि दाब वाढतो. मूळ कॅमवर गरम इंजिनाचा आयडलिंगचा दाब ३० ते ४० किलोपास्कल असतो. मध्यम कॅमवर तो ४५ ते ५५ पर्यंत चढतो. कॉम्प्युटरला वाटतं दाब वाढला म्हणजे हवा वाढली, आणि तो पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात त्या दाबात बराचसा वाटा जळून गेलेल्या वायूचा असतो.

अनुभवी माणसंही जिथे फसतात, ती जागा ऑक्सिजन सेन्सरची आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो. ओव्हरलॅप मोठा असला की आयडलिंगला थोडी ताजी हवा न जळता सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जाते. एखादा ठोका हुकला, तर त्या सिलिंडरची सगळीच हवा तशी जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो कळवतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. आधीच जड झालेलं मिश्रण आणखी जड होतं, ठोके आणखी हुकतात, सेन्सरला आणखी ऑक्सिजन दिसतो. सिग्नलला उभ्या ट्रकच्या मागे डोळे चुरचुरतात, ते या चक्रामुळे. स्कॅनरवर मात्र फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये स्वतःहून केलेली दुरुस्ती, अधिक वीस टक्के दिसत असतो आणि मालक हवा कुठून गळते ते शोधत बसतो.

कॅम निवडतानाच ट्यूनिंगचा विचार

ट्रकला मोठा कॅम घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बोट ओढायची, घरचं सामान वाहायचं, ऑफिसला जायचं, तर २०५ ते २१५ अंशांचा कॅम आणि लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन, ११२ च्या वर, एवढ्यात भागतं. असा कॅम मूळ टॉर्क कन्व्हर्टरबरोबर चालतो, ब्रेक बूस्टरला पुरेशी ओढ मिळते, आणि ऑक्सिजन सेन्सरचं वर सांगितलेलं दुष्टचक्र फारसं सुरू होत नाही. २२० च्या पुढे गेलात, तर जास्त स्टॉलचा, म्हणजे वरच्या आरपीएमला पकडणारा, कन्व्हर्टर घ्यायची तयारी ठेवा. २३० च्या पुढचा कॅम रस्त्यावरच्या ट्रकसाठी नाहीच. तो गडगडणारा आवाज ऐकायला छान वाटतो, पण त्या आवाजाची किंमत ५००० पाउंडांच्या गाडीला प्रत्येक सिग्नलवरून निघताना मोजावी लागते.

कॅमबरोबर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्याच लागतात. मूळ स्प्रिंगा नव्या लिफ्टला आणि आरपीएमला पुरत नाहीत. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगू लागला तर तो ठोका हुकल्यासारखाच दिसतो, आणि लोक तो दोष ट्यूनिंगमध्ये शोधत राहतात. टायमिंग चेन आणि ऑइल पंपही तेव्हाच बघून घ्या. पुढचं सगळं उघडलेलंच असतं.

ट्रक कुठल्या पिढीचा आहे, ते नीट ओळखा. २००६ पर्यंतची इंजिनं सरळ आहेत. २००७ पासूनच्या ५.३ मध्ये बहुतेक ठिकाणी हलक्या भारावर चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आली. तिचे खास टॅपेट १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांवर असतात, आणि कॅमचे त्या सिलिंडरांचे लोबही वेगळे घडवलेले असतात. साधा कॅम घालायचा तर ते टॅपेट काढून साधे घालावे लागतात आणि कॉम्प्युटरच्या फाइलमधूनही ती यंत्रणा बंद करावी लागते. यातलं एकच काम करून चालत नाही. २०१० च्या सुमारास व्हॉल्व्ह टायमिंग पुढे-मागे करणारा फेझर आला. तिथे मोठ्या कॅमवर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडण्याचा धोका असतो. म्हणून फेझरला लिमिटर बसवतात किंवा तो कायमचा अडकवून टाकतात, आणि कॉम्प्युटरच्या तक्त्यातही हालचालीला तीच मर्यादा घालतात. २०१४ पासूनच्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि त्याचा उच्च दाबाचा पंप कॅमवरच चालतो. त्या इंजिनांचा विचार वेगळा आहे, या लेखातले आकडे त्यांना लावू नका.

कायदा आधी, पाना नंतर

अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टच्या कलम २०३ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी करणं बेकायदा आहे, आणि कॉम्प्युटरमधली फाइल हा त्या यंत्रणेचाच भाग मानला जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड फाइलमध्ये दाबून टाकणं, हे प्रकार करू नका. कॅलिफोर्नियात भागाला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असावा लागतो. जुलै २०२१ पासून तिथल्या स्मॉग चाचणीत कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही तपासतात आणि मूळ किंवा मंजूर नसलेलं सापडलं तर गाडी नापास होते. टेक्सासमध्ये जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली, पण ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांच्या काउंट्यांत धुराची चाचणी चालूच आहे. तिथे कॉम्प्युटरचे मॉनिटर, म्हणजे प्रदूषण यंत्रणेच्या त्याच्या स्वयंचाचण्या, तयार स्थितीत दिसावे लागतात. फाइलमधून मॉनिटरच बंद केले असतील तर ते लगेच कळतं. तुमच्या राज्यात आणि काउंटीत काय नियम आहेत, ते कॅमची ऑर्डर देण्याआधी वाचा. मंजुरी नसलेला कॅम फक्त शर्यतीच्या ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

भारतात हा लेख वाचणाऱ्यांसाठी इतकंच, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी बदलता येत नाही. हे सगळं समजून घ्यायला हरकत नाही, पण रस्त्यावरच्या गाडीवर करू नका.

तयारी

या ट्रकसाठी एचपी ट्यूनर्स आणि ईएफआय लाइव्ह ही दोन सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. जवळपासच्या जाणकारांमध्ये ज्याची माहिती जास्त, ते घ्या. अडल्यावर कुणाला तरी विचारता आलं पाहिजे. त्याबरोबर एक वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागेल. गाडीतला मूळ सेन्सर आदर्श मिश्रणाच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच सांगतो. किती, ते सांगत नाही. वाइडबँड घेतल्याशिवाय कॅमचं ट्यूनिंग करायला बसू नका. हा एक खर्च टाळून केलेलं बाकीचं सगळं काम अंधारात केल्यासारखं होतं. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवा आणि त्याच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुंकत नाही ना, ते नीट पाहा. गास्केटमधून शिरलेली थोडीशी हवासुद्धा वाचन बिघडवते.

इंजिन उघडण्याच्या आधी जुन्या कॅमवरच गाडी चालवून लॉग घ्या. गार इंजिन सुरू करताना, गरम आयडलिंगला, एसी लावून, गल्लीत, हायवेवर, आणि एकदा पूर्ण पॅडल दाबून. ट्रिम, दाब, ठिणगीचे अंश, नॉकमुळे (मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या ठकठकीमुळे) मागे घेतलेले अंश, सगळं साठवा. जुन्याच कॅमवर ट्रिम दहा टक्क्यांनी बाहेर असेल, तर गाडीत आधीपासून दोष आहे. तो आधी काढा. फ्युएल रेलवरचा दाब मोजा. या ट्रकमध्ये तो ५८ पीएसआयच्या आसपास हवा. पंप थकलेला असेल, तर पुढचे सगळे आकडे खोटे येतील.

मूळ फाइल वाचून ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. नवी फाइल कॉम्प्युटरमध्ये लिहिताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या, रेडिओ-पंखा बंद ठेवा, लॅपटॉपला झोपू देऊ नका. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं, तर कॉम्प्युटर निकामी होऊ शकतो.

पहिल्यांदा चालू करताना

जुन्या चपट्या टॅपेटच्या इंजिनांसाठी सांगितलेला एक नियम अजून फिरत असतो, की नवा कॅम घातल्यावर वीस मिनिटं २००० आरपीएमवर इंजिन फिरवा. या इंजिनांत रोलर टॅपेट आहेत, इथे त्याची गरज नाही. इथे महत्त्वाचं आहे ते ऑइल. इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा, मग फ्यूज घालून चालू करा.

पहिल्या चालूसाठी फाइलमध्ये दोनच बदल पुरतात. आयडलिंगचा आरपीएम थोडा वाढवा. मूळ साधारण ५५० ते ६०० असेल तर मध्यम कॅमला ७०० ते ८००. दुसरं, आयडलिंगची मूळ हवा, म्हणजे बेस रनिंग एअरफ्लो, थोडी वाढवा. इंजिन चालू होत नसेल किंवा स्टार्टर फार वेळ मारावा लागत असेल, तर फाइलशी खेळू नका. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्या आहेत का आणि गिअरवरची सेन्सरची चकती त्याच पिढीची आहे का, ते बघा. नंतरच्या पिढीत ही चकती पुढच्या गिअरवर असते आणि तिचे एकाहून अधिक प्रकार आहेत. चुकीचा प्रकार बसला, तर कुठलंही सॉफ्टवेअर ते सुधारणार नाही.

इंजिन नीट चालू लागलं की क्रँक सेन्सरची पुनर्नोंद करून घ्या. ती न केल्यास खोटे मिसफायर कोड येऊ शकतात.

हवेचा तक्ता

आता मुख्य काम. व्हीई टेबल सुधारायचं तर मॅफला काही काळ बाजूला ठेवावं लागतं, म्हणजे कॉम्प्युटर फक्त तक्त्यावर चालेल. ऑक्सिजन सेन्सरवरून होणारी दुरुस्ती आणि उतारावर पेट्रोल तोडण्याची सोय, दोन्ही तात्पुरत्या बंद करा. मग कॉम्प्युटरने मागितलेलं मिश्रण आणि वाइडबँडने मोजलेलं मिश्रण यांतला फरक आरपीएम आणि दाबाच्या चौकटीत नोंदवत गाडी चालवा. सॉफ्टवेअर तो नकाशा आपोआप बनवतं.

हे आकडे लॅम्ब्डामध्ये बघायची सवय लावा. अमेरिकेतल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, आणि त्याचं आदर्श प्रमाण १४.७ नसून १४.१ च्या जवळ येतं. लॅम्ब्डा एक म्हणजे आदर्श, पेट्रोल कुठलंही असो. समजा, एका चौकटीत तक्ता ६२ म्हणतो, मागितलेला लॅम्ब्डा १.०० आणि मोजलेला १.०६. म्हणजे त्या ठिकाणी हवा तक्त्यातल्या आकड्यापेक्षा सहा टक्के जास्त आहे. ६२ ला १.०६ ने गुणा, ६५.७ टाका. पहिल्या फेऱ्यांत पूर्ण फरक न टाकता अर्धाच टाकावा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे जवळ येतात आणि एखाद्या चुकीच्या वाचनामुळे तक्ता बिघडत नाही.

घाईत काम बिघडतं ते इथेच. एखाद्या चौकटीत गाडी क्षणभरच गेली असेल, तर ते वाचन फेकून द्या. पॅडल झटकन दाबलं किंवा सोडलं तेव्हाची, आणि इंजिन पुरतं गरम होण्याआधीची वाचनं गाळा. ज्या चौकटींपर्यंत गाडी पोचलीच नाही, तिथे शेजारच्या आकड्यांवरून हाताने उतार जुळवा. शेवटी तक्ता उंचसखल न दिसता एकसंध टेकडीसारखा दिसला पाहिजे. मधेच एखादा सुळका किंवा खड्डा असला, तर तो बहुतेक वेळा मोजणीतल्या गोंधळाचा असतो, इंजिनाचा नसतो. नव्या कॅमचा तक्ता खालच्या आरपीएमला मूळ तक्त्यापेक्षा खाली आणि वर ४००० च्या पुढे चढलेला दिसतो. तुमचा याच्या उलट दिसत असेल तर थांबा. कॅम एक दात पुढे-मागे बसला आहे का, ते तपासा.

२००७ नंतरच्या कॉम्प्युटरमध्ये हा तक्ता सरळ आकड्यांत नसून समीकरणाच्या गुणकांत साठवलेला असतो. सॉफ्टवेअर तो तक्त्याच्या रूपात दाखवतं आणि बदल पुन्हा गुणकांत बसवतं. बसवल्यावर आजूबाजूचे आकडे थोडे हलतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पुन्हा लॉग घ्या.

आयडलिंगच्या दोन-चार चौकटींत वाइडबँडवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ओव्हरलॅपची हवा त्यालाही फसवते. तिथे इंजिनाकडे बघा. पेट्रोल एक-दोन टक्क्यांनी कमी-जास्त करत मॅनिफोल्डचा दाब कुठे सर्वांत कमी आणि स्थिर राहतो, ते शोधा. तो तुमचा आकडा.

तक्ता जमला की मॅफ पुन्हा चालू करा आणि त्याची वक्ररेषा याच पद्धतीने सुधारा. बंद केलेलं सगळं जसंच्या तसं परत चालू करा. ट्रिम आता चार-पाच टक्क्यांच्या आत येतील. ते आले नाहीत, तर पुढे जाऊ नका.

आयडलिंग

कॅमच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि बरंच काम इथेच अर्धवट सोडून दिलं जातं. पॅडल सोडल्यावर गाडी बंद पडते, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आरपीएम बुडतो, एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन गचके खातं. या सगळ्यामागे एकच गोष्ट असते. जिवंत राहायला इंजिनाला सेकंदाला किती ग्रॅम हवा लागते, हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं.

गरम इंजिन आयडलिंगला सोडा, आणि कॉम्प्युटर मूळ आकड्याच्या वर स्वतःहून किती हवा वाढवतो आहे, ते लॉगमध्ये पाहा. तेवढा आकडा मूळ तक्त्यात मिळवा. मग ऑटोमॅटिकला ड्राइव्हमध्ये टाकून पुन्हा. मग एसी लावून. हा तक्ता इंजिनाच्या तापमानाप्रमाणे असतो, म्हणून काम एका दिवसात संपत नाही. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर जे दिसतं, ते दुपारी दिसत नाही. ह्यूस्टनमध्ये ऑगस्टात ट्यून केलेला ट्रक मिशिगनमध्ये जानेवारीत वेगळा वागतो.

हवा जमल्यावर ठिणगी. आयडलिंगचा आरपीएम सावरायला कॉम्प्युटर दोन गोष्टी वापरतो. हवा हळू बदलते, ठिणगी क्षणात. आरपीएम पडला की तो ठिणगी पुढे घेतो, चढला की मागे. मोठ्या कॅमवर आरपीएम मुळातच हलत असतो. दुरुस्ती फार तीव्र ठेवली तर इंजिन वर-खाली डुलत राहतं. ती जरा सौम्य करा, पण काढून टाकू नका. मूळ ठिणगीही अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवू नका. पुढे घ्यायला जागाच उरली नाही, तर पडणारा आरपीएम सावरायला काहीच हाती राहत नाही.

पॅडल सोडल्यावर बंद पडणारी गाडी थ्रॉटल क्रॅकरच्या तक्त्याने सुधारते. गाडी चालत असताना पॅडल सोडलं, की कॉम्प्युटर थ्रॉटल हळूहळू मिटवतो. नव्या कॅमला तो थोडा जास्त उघडा आणि थोडा जास्त वेळ हवा असतो. फार वाढवलं, तर मात्र ब्रेक दाबूनही गाडी पुढे ओढत राहते. ही सुरक्षिततेची बाब आहे. उतारावर आणि गर्दीत चालवून नीट तपासा. साधारण २००३ पूर्वीच्या केबलवाल्या थ्रॉटलवर काही जण पाकळीला भोक पाडतात. आधी थांब्याचा स्क्रू आणि हवेचे तक्ते जमवा. मध्यम कॅमला ते भोक लागत नाही.

ठिणगी, पूर्ण पॅडल आणि गिअरबॉक्स

नवा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवतो. खालच्या आरपीएमला सिलिंडरमध्ये दाब कमी बनतो, आणि तिथे मूळपेक्षा दोन-चार अंश पुढची ठिणगी चालते. गाडीचा हरवलेला चटपटीतपणा त्यातून थोडा परत येतो. वरच्या आरपीएमला उलट होतं. सिलिंडर आधीपेक्षा चांगला भरतो, म्हणून मूळ ठिणगीसुद्धा तिथे जास्त होऊ शकते. सगळ्या तक्त्यात सरसकट चार अंश मिळवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका.

पूर्ण पॅडलवर मिश्रण १४.७ च्या मोजपट्टीवर १२.५ ते १२.८ च्या दरम्यान, म्हणजे लॅम्ब्डा ०.८५ ते ०.८७ जवळ ठेवा. नॉक सेन्सरने एक अंश जरी मागे घेतला, तरी पॅडल सोडा आणि लॉग बघा. ठिणगी दोन अंश मागे घेऊन पुन्हा चालवा. नॉक गेला, तर तो खरा होता. तेवढाच राहिला, तर सैल झालेली एक्झॉस्टची पत्र्याची ढाल किंवा आवाज करणारा रॉकर शोधा. सेन्सरची संवेदनशीलता कमी करणं हा उपाय नाही. इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात, तेही बघा. ते नव्वदीकडे जात असतील, तर मोठे इंजेक्टर घ्यावे लागतील. तुम्ही रोज ८७ ऑक्टेनवर ट्रक चालवणार असाल, तर ट्यूनिंगही ८७ वरच करा. ९३ वर जुळवलेली गाडी प्रवासात आडगावच्या पंपावर अडचणीत येते.

रेव्ह लिमिटर स्प्रिंग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेच्या आत ठेवा. गिअर बदलण्याचे आरपीएम ताकदीच्या शिखराच्या थोडे पुढे न्या. गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभर कमी करणारी टॉर्क मॅनेजमेंटची सोय काही जण पूर्ण काढून टाकतात. यांतल्या बऱ्याच ट्रकमधला ४एल६०-ई हा गिअरबॉक्स मुळात नाजूक आहे. सोय थोडी कमी करा, शून्य नको. ट्रेलर ओढत असाल तर टो-हॉलचे, म्हणजे ओझं ओढतानाचे, तक्ते मूळचेच राहू द्या.

दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर

त्यात कमीपणा काही नाही, फक्त काय विकत घेत आहोत ते नीट विचारा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, तीन-चार वेळा पूर्ण पॅडल दाबून मिळालेला ताकदीचा आलेख म्हणजे ट्यूनिंग पूर्ण झालं, असं नव्हे. तुमचा ट्रक नव्वद टक्के वेळ अर्ध्या पॅडलवर चालतो. गाडी रात्रभर ठेवून सकाळी गार असताना चालू करून बघणार का? रस्त्यावर चालवून लॉग घेणार का? थंडीत त्रास झाला तर पुन्हा बघणार का, त्याचे पैसे वेगळे का? फाइल उघडी मिळणार की कुलूपबंद? कुलूपबंद फाइल घेतली, तर पुढचा प्रत्येक छोटा बदल त्याच माणसाकडून करून घ्यावा लागतो. जाताना कॅमचं कार्ड, स्प्रिंगांची माहिती, इंजेक्टरचा क्रमांक आणि जुन्या कॅमवर घेतलेले लॉग सोबत न्या. घरबसल्या लॉग पाठवून करून घेण्याची पद्धतही चांगली चालते. मात्र तिथे वाइडबँड तुमचा असतो आणि जबाबदारीने चालवायचं कामही तुमचंच.

काम संपल्यावर महिनाभराने पुन्हा एकदा लॉग घ्या. जमलेले ट्रिम सात-आठ टक्क्यांनी बाहेर गेलेले दिसले, तरी फाइल उघडू नका. हवेचा तक्ता एकदा बरोबर बसला की आपोआप बिघडत नाही. इनटेकचे बोल्ट, एक्झॉस्टचं गास्केट, मॅफची तार आणि पेट्रोलचा दाब या क्रमाने तपासा. दोष यांतच सापडण्याची शक्यता जास्त असते.